समीक्षाचं बोलावणं अन् माही लबाडी

माह्या पोरीनं मले देवाचं बोलावणं आल्याचं सांगतलं, तवा माह्या ओठात लाल दोऱ्याचे तुकडे होते अन् दोन्ही हात मिरचीच्या झाडात. त्यामुळं लगेच काही बोलता आलं नाई. बरंच झालं म्हणा. तोंड मोकळं असतं त त्यातून काय निघालं असतं, माहा मलेच भरवसा नाई. नाव कडूबा आहे, अन् नावाले जागणारा माणूस आहो मी.

दुसरबीडच्या अलीकडं आमचं गाव. आता आमच्या शिवारात जिकडं पाहाल तिकडं शेडनेट, हिरव्या जाळीचे मोठमोठे मांडव. त्यात कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करायचं. काम तसं साधं आहे, पण माणसाले वाकवून टाकते. दुपारून उद्या उमलणारी कळी चिमट्यानं फोडायची, तिच्या पाकळ्या अन् नराचे तंतू काढून टाकायचे, मधला मादीचा केसर तेवढा उभा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग त्याले लावायचा. पराग असतो अंगठ्यात घातलेल्या अंगठीच्या इवल्याशा वाटीत. केसर वाटीत बुडवला, देठाले लाल दोरा बांधला, चला पुढं. पराग लागला नाई त फूल चार-पाच दिवसात पिवळं पडून गळते. अन् कळी फोडायची राहून गेली त ते आपलंच आपण फळ धरते. त्याले आम्ही सेल्फ म्हणतो. सेल्फ फळ बियाण्यात गेलं त कंपनी सगळा माल नापास करते. दीड महिना असं चालते, अन् त्या दीड महिन्यात घरात कोणी मेलं त रडायले सवड नसते.

त तोंडातले दोरे काढले अन् इचारलं, "कोणाचं बोलावणं? दवाखान्याचं?"

समीक्षा माही एकुलती एक. नर्सिंग शिकली, दोन वर्षं जालन्यात दवाखान्यात होती. हंगामाच्या तोंडावर तिची माय, सोजराबाई, न्हाणीत घसरली अन् उजवं मनगट मोडून बसली. मंग पोरगी सुट्टी टाकून आली. तिच्या हाताले जशी कळी समजते तशी आख्ख्या शिवारात कोणाले समजत नसंल.

"नाई बाबा," ती म्हणली. "देवाचं."

"काय म्हणते देव?"

"मलावीले जा म्हणते. आफ्रिकेत आहे. तिथं तळ्याच्या काठी मिशनचा दवाखाना आहे."

मी उभा राह्यलो. कमरेत कळ निघाली. म्हणलं, "देवाले आफ्रिकेत नर्स पाहिजे होती त त्यानं जालन्यात पाहायची, औरंगाबादेत पाहायची. माह्या मिरचीच्या ओळीतूनच उचलायची होती का?"

ती हसली नाई. रागावलीही नाई. पुढचं फूल वाटीत बुडवलं, दोरा बांधला अन् म्हणली, "मीही त्याले हेच इचारलं."

आमचं गावात एकट्याचंच घर येशूवाल्याचं. माहा बाप एका परदेशी डॉक्टरीण बाईची, सगळे तिले मडम म्हणायचे, बैलगाडी हाकायचा. तिच्यासंगं उपासनेले बसता बसता तो येशूचा झाला अन् आम्ही तसेच राह्यलो. रविवारी मेहकरले चर्चात जातो, बाकी सहा दिवस गावासारखेच. पोळ्याले बैल सजवतो, लग्नात पंगतीत वाढतो. देव आमच्या घरात होता, पण आपल्या जागी होता. त्यानं कधी कोणाचा हात धरला नव्हता.

"आवाज आला का तुले?" मी इचारलं. उगाच, टोमणा म्हणून.

"आवाज आला असता त बरं झालं असतं. कोण आहे म्हणून इचारता आलं असतं." ती ओळीत पुढं सरकली. "श्रावणात चर्चात त्या सिस्टर आल्या होत्या पाहा, अकरा वर्षं तिथं राह्यलेल्या. त्यायनं सांगतलं, बाया सायकलच्या कॅरेजवर बसून बाळंतपणाले येतात. तीस-तीस किलोमीटर. आख्ख्या दवाखान्यात नर्स दोन. त्या दिवशी मले काहीच वाटलं नाई. घरी आले, भाकरी खाल्ली. मंग पंधरा-वीस दिवसांनी मी इथंच कळ्या फोडत होते. काहीच झालं नाई बाबा. नुसतं समजलं. भूक लागली की समजते न, तसं."

मी चिमटा खिशात टाकला अन् जाळीबाहेर निघून गेलो. पोरीच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. त्या तोंडावर जे होतं ते मी याआधी पाह्यलं नव्हतं, अन् ते माह्यापेक्षा मोठं होतं.

बाहेर बांधावर रामराव तंबाखू चोळत बसला होता. त्याचं नेट माह्या नेटले लागून. आम्ही लहानपणापासूनचे सोबती.

"काय बे, तोंड काऊन उतरलं?"

सांगून टाकलं. वाटलं होतं तो हसंल. तो तंबाखू हातात तशीच धरून बसला.

"लग्न ठरव तिचं," म्हणला. मंग थोड्या वेळानं आपणच मान हलवली. "नाई, तसं नाई. हे पाहा कडूबा, आमच्यातला एखादा पोरगा असा देवाच्या नादानं निघाला असता न, त गाव त्याच्या पाया पडलं असतं अन् त्याच्या मायनं घर डोक्यावर घेतलं असतं. दोन्ही खरंच असतं."

"मी काय करू ते सांग न."

"मले काय माहीत बाप्पा. माह्या पोरीले कोणी बोलावलं नाई." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "पण खरं सांगू का? मी घाबरलो असतो. तुह्या पोरीचं ऐकूनच माह्या अंगावर काटा आला, पाहा."

त्यानं खरंच हात पुढं करून दाखवला.

घरी गेलो त सोजराबाई डाव्या हातानं भाजी हलवत होती. उजवा हात प्लास्टरमधे गळ्यात अडकवलेला. तिले सगळं आधीच माहीत होतं. घरातल्या गोष्टी मले नेहमी शेवटी समजतात. तिनं डब्यामागून कागद काढून समोर ठेवला. मिशनच्या संस्थेचा. त्यात लिहेल होतं की उमेदवार अविवाहित मुलगी असल्यास आई-वडील दोघांची लेखी संमती पाहिजे. पुढच्या सोमवारी आमच्या चर्चाचे पाळकसाहेब घरी येऊन कागद घेऊन जाणार होते. सोजराबाईनं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही आधीच करून ठेवली होती. तिच्या बाजूची माही जागा रिकामी होती.

"तुले सोपं वाटते?" मी म्हणलं.

"मले?" ती थांबली. "तीन दिवसांपासून मी जेवली का, ते तरी पाह्यलं का तुमी?"

खरंच पाह्यलं नव्हतं.

"मंग सही काऊन केली?"

ती चुलीजवळून उठली, माह्यासमोर येऊन बसली. "तुमच्या आधी तुमच्या मायची चार लेकरं गेली. तुमचं नाव कडूबा काऊन ठेवलं, माहीत आहे न? दृष्ट लागू नये म्हणून. तुमी पायाळू होते. दोन दिवस माय अडली होती. कोणी काढलं तुमाले?"

"मडमनं."

"मडमनं. अन् ती मडम काय आभाळातून पडली होती? ती कोणाची तरी पोरगीच होती."

तुमी म्हणाल, यात काय मोठं. पण बावन्न वर्षांत ही गोष्ट माह्या डोक्यात आली नव्हती. मडमच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्या. ती बैलगाडीत बसून चिखलातून यायची, भाकर-ठेचा खायची, वऱ्हाडी बोलायची, चिडली की गाडीवानाले बे म्हणायची. मेली तीही इकडंच. तिच्या थडग्यावर आम्ही दरसाल फुलं वाहतो. पण तिले बाप होता, त्यानं कुठंतरी दर्याच्या पल्याड तिचं पेटीसामान गाडीत चढवलं असंल, मंग घरी येऊन तिची रिकामी खाट पाह्यली असंल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या अनोळखी म्हाताऱ्यानं आपली पोरगी सोडली म्हणून मी श्वास घेऊन राह्यलो. त्याचं नाव मले माहीत नाई. त्यालेही माहं माहीत नव्हतं. मी तिथून उठलो अन् ओट्यावर जाऊन बसलो.

पण सही केली नाई. मडमचा बाप मोठा असंल, मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर आला. अविनाश नाव, पंचवीस-सव्वीसचा पोरगा, स्वभावानं वाईट नाई. पण त्याची नजर घारीची. माह्या ओळीत वाकला अन् बिनदोऱ्याची एक मिरची तोडून वर धरली. कळी फोडायची राह्यली होती, फळ चांगलं बोटभर झालं होतं. मजुरीच्या आठ-दहा बाया होत्या, सगळ्यायच्या समोर.

"काका, ही ओळ कोणाची?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मांगून समीक्षा म्हणली, "माही आहे दादा. माह्या नजरेतून सुटली."

"ताई, तुमच्याकडून सुटली?" त्याले पटलं नाई. पण लिहून घेतलं अन् पुढं गेला. बायायनं माना खाली घातल्या. ती ओळ माही आहे हे सगळ्यायले माहीत होतं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. इतका मोठा बाप मी, अन् पोरीनं मले पदराखाली घेतलं.

त्याच रागात मी ते केलं.

जुन्या काळी कोण्या एकानं देवाले खूण मागतली होती, हे मी उपासनेत ऐकलं होतं. म्हणलं, आपणही मागू. बुधवारी सकाळी शेवटच्या ओळीत, कोपऱ्यातल्या झाडाचं एक फूल धरलं. आदल्या दुपारी मीच फोडलं होतं ते. मनात म्हणलं, देवा, हे फूल फळ धरंल त पोरीले जाऊ देतो. गळलं त ती माही. अन् असं म्हणून मी त्याले पराग लावलाच नाई. केसर वाटीजवळ नेला, बुडवला नाई, तसाच कोरडा सोडला. वरून देठाले दोरा बांधला. ओळखू यावं म्हणून दोन गाठी मारल्या.

आता हसू येते. तवा आलं नाई. शेतकऱ्यानं देवाले फसवायचं ठरवलं की तो शेतीतूनच फसवणार, दुसरं त्याले येते काय? पाचव्या दिवशी फूल गळणार हे मले सूर्य उगवण्याइतकं माहीत होतं. वर जाळी, पाखरू आत येत नाई, माशी येत नाई. मी पाळकसाहेबाले सांगणार होतो, साहेब, मी प्रार्थना केली, देवानं नाई म्हणलं. पोरगी माह्या शब्दावर इश्वास ठेवणार होती. तिनं कधी ठेवला नाई असं झालं नव्हतं.

चार दिवस काम केलं. आश्विनातलं ऊन, जाळीखाली वाफ धरते, घाम डोळ्यात उतरते अन् मिरचीच्या हातानं डोळा चोळता येत नाई. सकाळी सात ते अकरा पराग, दुपारी तीनपासून कळ्या. पोरगी दोन ओळी पलीकडं काहीबाही गुणगुणत असायची. मी तिच्याशी बोलत नव्हतो. ती मात्र रोज दहा वाजता माह्यासाठी चहा आणून ओळीच्या तोंडाशी ठेवायची अन् परत जायची. मी तो प्यायचो. गोड लागायचा नाई. कोपऱ्यातल्या झाडाकडं मी मुद्दाम पाहत नव्हतो. सोमवारी पाळकसाहेब येणार होते, मधे रविवार होता.

रविवारी चर्चात गेलो नाई, हंगामाचं निमित्त सांगतलं. समीक्षाही मायले बसमधे बसवून परत आली. मी सकाळीच एकटा त्या कोपऱ्यात गेलो. खाली गळलेलं फूल शोधायले म्हणून आधी मातीतच पाह्यलं. मंग वर पाह्यलं.

दोन गाठीच्या दोऱ्याखाली मिरची धरली होती. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, टोकाले वाळलेला केसर अजून चिकटलेला.

मी हात लावून पाह्यला. गाठी मोजल्या. दोन. झाड तेच, फांदी तीच. शेजारची फुलं तपासली. मंग मी ओळीतल्या ओल्या मातीतच बसलो. परागाचा एक कणही मी त्याले लावला नव्हता. डोळ्यासमोर ती हिरवी मिरची होती अन् ती मले पाहत होती असं वाटलं. आजूबाजूले कोणी नव्हतं, तरी तिथं कोणीतरी होतं. मी पायातली चप्पल काढली अन् बाजूले ठेवली. काऊन काढली, मले सांगता येत नाई. भ्या वाटत होतं, अन् आयुष्यात कधी नव्हतं एवढं चांगलंही वाटत होतं. मी लबाडी केली होती अन् लबाडीसकट कोणी मले ओळखत होतं.

"बाबा? काय झालं? चक्कर आली का?"

समीक्षा धावत आली. माह्या कपाळाले हात लावला, नाडी धरली. नर्सच ती.

"काही नाई. ही मिरची पाह्य."

तिनं पाह्यली. "धरली की. चांगली आहे."

"ही धरायले नाई पाहिजे होती."

"काऊन?" तिनं वाकून दोरा पाह्यला अन् म्हणली, "हो, ही न. दोन गाठीवाली. बुधवारी कोरडी राह्यली होती, मी लावला पराग."

मी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यलो.

"तू इथं काऊन आली होती? ही माही ओळ."

सांगू का नको, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मंग जमिनीकडं पाहत म्हणली, "मी तुमच्या मांगं रोजच फिरते बाबा. तुमी चहा प्यायले बसता तवा. तुमची रोज दहा-पंधरा फुलं सुटतात. उन्हात तुमचे डोळे दिपतात, बारकं दिसत नाई. मागच्या वर्षीपासून. मी जालन्यातून सुट्टीत यायचे तवाही फिरायचे."

"सांगतलं काऊन नाई?"

"कशाले सांगायचं."

माहा चमत्कार गेला, असं तुमाले वाटंल. मलेही एक घडी तसंच वाटलं. हाड्‌, म्हणलं, हे त पोरीनंच केलं. पण मंग जे डोक्यात शिरलं त्यानं माह्या अंगावरचा केस अन् केस उभा राह्यला. मी पोरीले घरी डांबायचं म्हणून फूल कोरडं ठेवलं होतं. अन् तिनं, काही माहीत नसताना, फक्त माही चूक झाकायची म्हणून, आपल्या हातानं आपली वाट उघडली. दोन हंगाम ती माह्या मांगं मांगं फिरत होती, कोणाले दाखवायले नाई, शाबासकीले नाई. जिथं कोरडं दिसंल तिथं लावत जायचं. जिचा हात असा आहे, तिले देवानं नाई बोलवायचं त कोणाले बोलवायचं? मलेच कोणाले बोलवायचं असतं त मीही तिलेच बोलावलं असतं. मी खरंच थक्क झालो होतो, अन् बाप असून मले तिच्या पाया पडावं वाटलं.

मी तिले सगळं सांगतलं. सौदा, लबाडी, दोन गाठी, पाळकसाहेबाले काय सांगणार होतो ते. लाज वाटत होती, पण सांगतलं.

वाटलं, ती रागावंल. ती माह्याशेजारी मातीत बसली अन् रडायले लागली. लहानपणी रडायची तशी, नाक वाहेपर्यंत. मी घाबरलो.

"बाबा, मले लई भ्या वाटते," ती म्हणली. "तिथली भाषा येत नाई. तिथं माय नाई. मी रोज काय प्रार्थना करत होते, माहीत आहे? देवा, बाबाले नाई म्हणू दे. तुमी नाई म्हणले असते त मी सुटले असते. देवाले म्हणले असते, बाप नाई म्हणला, मी काय करू."

घ्या. दोघंही एकाच जाळीखाली, दोन ओळी सोडून, देवाच्या हातून सुटायची वाट पाहत होतो. अन् मी चार दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

आता सगळं माह्या हातात होतं. एक शब्द बोललो असतो त पोरगी घरी राह्यली असती. वरून तिनं माहे उपकार मानले असते. सोजराबाईनं दोन घास खाल्ले असते. माह्या तोंडात तो शब्द आलाही होता. मी तिले इचारलं, "मंग नाई म्हणू का? आत्ता म्हणतो. कागद फाडून टाकतो."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. जाळीवरून वारं गेलं, आतली सगळी झाडं थोडी हलली. सकाळचा पराग लावायचा राह्यला होता अन् ऊन चढत होतं. तिची नजर समोरच्या झाडावर होती, पण ती झाड पाहत नव्हती.

"तुमी नाई म्हणले त मी राहीन," ती म्हणली. "खरंच राहीन, खुशीनं. पण ते जे समजलं ते जाणार नाई बाबा. मी इथं तुमच्याजवळ असीन अन् मले ते माहीत असंल."

"म्हणजे?"

"म्हणजे नाई म्हणू नका."

एवढंच म्हणली. आवाज कापत होता, अन् तरी त्या आवाजात जो ठामपणा होता तो तिचा नव्हता, माहा त नव्हताच. मी माह्या पोरीकडं पाह्यलं. तिच्या नाकाले माती लागली होती. डोळे लाल. असली भ्यालेली माणसं देव पाठवते, हे मले तवा समजलं. मडमही पेटीवर बसून अशीच रडली असंल. तिच्या बापालेही असाच एक शब्द तोंडात आला असंल, अन् त्यानं तो गिळला असंल.

मीही गिळला. लई जड गेला.

दुपारी सोजराबाई मेहकरहून आली, तवा मी कागद घेऊन ओट्यावर बसलो होतो. चष्मा लावला, नाव लिहिलं, सही केली. सोजराबाई शेजारी उभी राहून पाहत होती. तिनं चांगल्या हातानं माह्या खांद्यावरची माती झटकली अन् आत जाऊन तीन ताटं वाढली. इतक्या दिवसात ती पहिल्यांदा आमच्यासंगं जेवली. रडत रडत जेवली, पण भाकर संपवली. सोमवारी पाळकसाहेब आले, कागद घेतला, तिघायच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हंगाम संपला की ट्रेनिंगले जायचं अन् उन्हाळ्यात मलावी, असं ठरलं. रामरावले सांगतलं त त्यानं टोपी काढली अन् पुन्हा घातली. म्हणला, "पोरीले म्हण, जायच्या आधी एक दिवस आमच्या घरी जेवायले ये."

अजून तीन आठवड्यांचं क्रॉसिंग, म्हणजे पराग लावायचं काम, बाकी होतं. मंगळवारी सकाळी नेटमधे शिरताना मी समीक्षाले दारातच थांबवलं.

"आजपासून माह्या मांगं फिरायचं नाई," मी म्हणलं.

"अहो बाबा, मी आहे तोवर त..."

"नाई. तू आहे तोवरच मले शिकू दे."

वाचायचा चष्मा डोळ्याले लावून मी ओळीत शिरलो. एकेक फूल वाटीत बुडवत, दोरा बांधत शेवटपर्यंत गेलो. नेहमी मी ओळ संपली की चहा प्यायले बसतो. त्या दिवशी बसलो नाई. चष्मा पुसला, मागं फिरलो अन् तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून पाह्यली, फूल अन् फूल डोळ्याजवळ धरून. कमर मोडायले आली होती. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

अकरा फुलं कोरडी निघाली. मी एकेक करून सगळी लावली. ती पाहत होती, पण आत आली नाई.